पूजेतला कागद

कशेळे,
आश्विन शुद्ध अष्टमी, शके १८५८

प्रिय दादा,

तीर्थस्वरूप लिहायला बसले होते. पहिल्या अक्षराशीच टाक अडला आणि काही केल्या पुढे जाईना, म्हणून कागद बदलला. वडील भावाला बहिणीने 'प्रिय' लिहायची आपल्या घरात रीत नाही, हे मला ठाऊक आहे. खाली साष्टांग नमस्कारही नाही, तो शोधू नकोस. एवढ्यावरच तुला राग आला तर तो जरा जपून वापर. पत्र लांब आहे.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. सरोजिनीवहिनीची कंबर, निवडणुकीची धावपळ, नेरळच्या सभेत गळ्यात पडलेले हार, सगळं वाचलं. सोबत तुझी छापील जाहिरातही होती. 'गोरगरिबांचा कैवारी', 'ठाकर बांधवांसाठी जिवाचं रान करणारा'. ती मी शाळेच्या कपाटातल्या फळीवर अंथरली आहे, फळी उंदरांनी कुरतडली होती. पत्राच्या शेवटी लिहितोस, यंदा दसऱ्याला भिसेगावला ये, सरस्वतीची मांडणी तुझ्यासारखी कोणाला जमत नाही, झालं गेलं विसरून जाऊ. दादा, विसरण्याचं काम तू माझ्याआधीच उरकलं आहेस. खालापूरच्या कचेरीत, शपथेवर, 'मला आठवत नाही' असं तू नऊ वेळा म्हणालास. मी भिंतीशी बसून ऐकत होते.

मी येणार नाही. नुसतं तेवढंच लिहून कार्ड टाकलं असतं तर तू वहिनीला म्हणाला असतास, उमा अजून फुगून बसली आहे. फुगणं हे लाडक्या बहिणीचं काम असतं. मी तशी होते, हे मी विसरलेले नाही. सोळाव्या वर्षी कुंकू पुसून मी माहेरी आले तेव्हा न्हाव्याला दारातून परत पाठवणारा तूच. बाबा महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत, आणि तू मला पुण्याला शाळेत घालायला घेऊन निघालास. गाडीत मला रडू आवरेना. घाटात ठाकुरवाडीला गाडी थांबली तेव्हा तू खाली उतरून पानाच्या द्रोणातून करवंदं आणलीस आणि म्हणालास, "उमे, आता तुझ्या वाटेला कोणी गेलं तर गाठ माझ्याशी आहे." मी मास्तरीण झाले ती तुझ्यामुळे. अक्षर तुझं, डोक्यावरचं छप्पर तुझं, ताटातला भातही तुझाच. तुझ्याविरुद्ध तोंड उघडायला मला एक वर्ष लागलं ते या सगळ्यामुळे. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते.

तुला आठवत नाही म्हणतोस, तर मीच आठवण करून देते. गेल्या वर्षी श्रावणात सरकारने जंगलातल्या वेठीची चौकशी करायला एक कमिटी नेमली आणि कौन्सिलचा मेंबर म्हणून तिच्यात तुझं नाव आलं. कशेळ्याच्या वरच्या वाड्यांमधली ठाकर माणसं ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्यांवर फुकट राबतात, नाही म्हटलं तर मार खातात, बायकांना तर त्याहून वाईट भोगावं लागतं, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. सांगायला मात्र कोणी पुढे येईना. तू भर पावसात चालत वर गेलास. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता. बायकांच्या जबान्या लिहायला तू मला बरोबर नेलंस. त्यांची बोली आपल्याला धड कळेना, म्हणून चांगो दुभाष्या झाला. घाटात रेल्वेच्या गँगवर राबलेला तो, त्याला दोन्हीकडचं बोलता यायचं. ओढ्यात पाणी होतं तर त्याने माझ्यासाठी दगड टाकून वाट केली, आणि प्रत्येक दगडावर आधी स्वतः उभा राहून तो हलत नाही ना, ते बघितलं. त्याचा थोरला भाऊ पोशा मोहाच्या झाडाखाली उकिडवा बसला होता. तू त्याच्यासमोर जमिनीवर बसलास. मग म्हणाला, "सायब, आमी सांगू. पन नाव फुटलं तर आमी जित्तं ऱ्हानार नाय." तू म्हणालास, नाव माझ्या पोटात राहील. त्याला ते पुरेना. त्याने तुला उठवलं आणि मोहाच्या खोडावर हात ठेवून पुन्हा बोलायला लावलं. तू हात ठेवलास. माझ्या डोळ्यांदेखत ठेवलास.

मग तू खरोखर हुशारीचं काम केलंस. जबान्यांवर नावं घातलीच नाहीत, आकडे घातले, एक ते अकरा. कुठला आकडा कोणाचा, ते एका वेगळ्या कागदावर आपल्या वळणदार हाताने लिहिलंस आणि प्रत्येक नावापुढे ज्याचा त्याचा अंगठा उठवून घेतलास. सातवा पोशा. नववी त्याची बायको भागी. वर तांबड्या शाईने 'गुप्त' लिहून खाली दोन रेघा ओढल्यास. हा कागद मामलेदार कचेरीच्या तिजोरीतच राहायचा असा हुकूम होता. तो हुकूम तू मला वाचूनही दाखवला होतास, आवाज जरा मोठा करून. पण दसऱ्याच्या आधी चार दिवस तू सगळं बाड घरी घेऊन आलास. टिपणं काढायची आहेत म्हणालास. टिपणं काही निघाली नाहीत.

दसऱ्याची मांडणी आपल्या घरात कशी होते ते तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. पुस्तकं मी रचायची. पाटीवर सरस्वती वहिनीने काढायची, आणि ओल्या हळदीकुंकवाचं बोट प्रत्येक वस्तूला तिनेच लावायचं, कारण त्या वाटीला माझा हात चालत नाही. मी नेहमीप्रमाणे तुझी कायद्याची जाड बुकं खाली घातली, त्यांवर दौत आणि टाक, वर माझी शाळेची पुस्तकं, आणि झेंडू तोडायला परसात गेले. येऊन बघते तर सगळ्याच्या डोक्यावर लाल फितीचं सरकारी बाड, आणि त्या फितीखाली सगळ्यांत वर तो तांबड्या अक्षरांचा कागद, तोंड वर करून. वहिनीचं बोट फिरूनही झालं होतं. मी म्हटलं, दादा, हा आधी काढ, संध्याकाळी अख्खा गाव सोनं द्यायला येईल. तू हसलास. "अगं, आज कोणी अक्षर वाचतं का? आज वाचन-लेखन बंद. आणि मांडलेली पूजा उत्तरपूजेपर्यंत हलवत नाहीत, मास्तरीणबाई, एवढंही विसरलात?" मी झेंडू वाहिले. दरवर्षी तिथे नुसती वकिलाची बुकं असायची. त्या वर्षी तुला येणाऱ्याजाणाऱ्याला ती लाल फीत दाखवायची होती. एवढा शिकलेला माणूस तू, आणि दसऱ्याला कोणी वाचत नाही या भरवशावर अकरा माणसांचे जीव चौरंगावर मांडून मोकळा झालास!

संध्याकाळी सीमोल्लंघनाहून परतताना ठेकेदार आला, आणि त्याच्यामागोमाग त्याचा गजा मुकादम. ज्याची चौकशी चालू आहे त्यालाच तू आत झोपाळ्यावर बसवलंस, केशराचं दूध दिलंस. सणाच्या दिवशी दारी आलेल्याला परत कसं पाठवायचं, म्हणालास. गजा बाहेरच्या खोलीत पूजेपुढे नमस्काराला वाकला. वाकला तो वाकलेलाच. मी खिरापतीची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी होते. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं श्लोक म्हणतो आहे, आणि मनात आलंसुद्धा की असल्या माणसातही भक्ती असते! मग त्याने आपट्याची दोन पानं चौरंगावर ठेवली, माझ्या हातून खिरापत घेतली, ती डोळ्यांना लावली आणि गेला. तिसऱ्या दिवशी शाळा भरली. पहिलीतल्या मुली ओठ हलवत एकेक अक्षर लावून वाचत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता माझ्या हातातला खडू खाली पडला.

दसऱ्यानंतर दहाव्या दिवशी भट्टीवर पोशाला मारलं. तीन दिवस तळमळून तो गेला. पंचनाम्यात झाडावरून पडला असं आलं. बाकीच्यांतल्या चौघांच्या झोपड्या जळाल्या, उरलेले डोंगर ओलांडून पलीकडे गेले. भागी तेवढी राहिली, नवऱ्याला जिथे पुरलं ती जागा सोडायची नाही म्हणून. कमिटीपुढे पुन्हा कोणी उभं राहिलं नाही, आणि तुमचा अहवाल एकमताने झाला की तक्रारींना पुरावा मिळत नाही. एकमताने, हा शब्द तू मला दोनदा सांगितलास. पोशाला कोणी मारलं याचा खटला झालाच नाही. खटला झाला तो सरकारी गुपित कोणी फोडलं याचा.

प्रांतसाहेबांचा मुक्काम खालापूरला होता, तिथे तो चालला. आदल्या दिवशी दुपारी तू देवघरात माझ्यासमोर येऊन बसलास. माझ्या आठवणीत तू पहिल्यांदाच माझ्यापुढे हात जोडलेस. "उमे, मी मुद्दाम केलं का? गुन्ह्याला हेतू लागतो. माझा हेतू नव्हता, मग मी कशाला मरू? माझं कौन्सिल गेलं तर या लोकांसाठी भांडणार कोण?" मी काय सांगायचं ते तूच सांगितलंस, आणि उलटतपासणीत काय विचारतील तेही शिकवलंस. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास की कागद घरी आणला खरा, पण कुलूपबंद कपाटातून तो एकदाही बाहेर निघाला नाही. पूजेला कोण आलं, कोण कुठे बसलं, आठवत नाही. मग मी उभी राहिले आणि शपथेवर सांगितलं की पूजेत फक्त छापील पुस्तकं होती, मी ती माझ्या हाताने रचली. निकालात साहेबांनी लिहिलं, ही बाई शिकलेली आहे, शिक्षिका आहे, तिला खोटं बोलण्याचं काही कारण दिसत नाही. तू मला शिकवलंस त्याचा असा उपयोग झाला.

कागद कपाटातच होता, तर नावं फुटली कशी? अकराही नावं तुझ्याखेरीज ठाऊक असलेला माणूस वाड्यांवर एकच होता, दुभाष्या चांगो, आणि आरोपी म्हणून उभा केला होता तोच. गजा मुकादमाने साक्ष दिली की चांगोनेच आपल्याला सांगितली, भट्टीवर मुकादमी मिळेल या आशेने. तू हा कट केला नाहीस, एवढं मी तुझ्या पदरात घालते. तू फक्त ऐकत बसलास, चष्मा पुसत. चांगोच्या बाजूने उभ्या राहिलेल्या त्या तरुण वकिलाने मूळ कागद बघायला मागितला, तेव्हा मात्र तुझी आठवण लख्ख जागी झाली. तूच साहेबांना विनवलंस की कागद गुप्त आहे, भर कचेरीत उघडला तर साक्षीदारांच्या जिवाला धोका. साक्षीदारांच्या जिवाला! म्हणून तो लाखेची मोहर केलेल्या पाकिटात तसाच बंद राहिला. चांगोला दोन वर्षांची सजा झाली. त्याला नेताना भागी कचेरीच्या पायऱ्यांवर उभी होती. ती त्याच्या तोंडावर थुंकली. त्याचे हात बांधलेले होते, त्याला पुसताही आलं नाही. तू माझ्या शेजारी उभा होतास. म्हणालास, चल, टांगा थांबला आहे.

महिन्याभरात मला बोर्डाच्या कशेळ्याच्या शाळेत जागा मिळाली. हवापालट होईल म्हणालास. मला भिसेगावातून, माणसांच्या बोलण्यातून दूर ठेवायचं होतं, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. पण जागा निवडताना एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नाही, नेहमीसारखीच. पोशाची वाडी इथून दीड कोसावर आहे. बाजाराच्या दिवशी वाड्यांवरची माणसं खाली येतात, मध-हिरडे विकतात, आणि कोणाला काही लिहायचं-वाचायचं असलं की शाळेच्या पायरीशी येऊन बसतात.

पितृपक्षात भागी आली. मी कोर्टात काय बोलले ते तिला कळलेलं नव्हतं. तिच्या लेखी मी तिची जबानी लिहून घेणारी भली बाई. तिने कनवटीचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. ठाण्याच्या तुरुंगातून आलेलं, कोणा लिहित्या कैद्याने चांगोसाठी लिहिलेलं. चारच ओळी होत्या. "वहिनी, मी बरा आहे. दादाची शपथ, मी कोणाचंही नाव सांगितलं नाही. सुटल्यावर वाडीवर येऊ का, का दुसरीकडे कुठे जाऊ? तू सांगशील तसं करीन." मी वाचून दाखवलं. भागी डोंगराकडे बघत म्हणाली, "लिवा बाय. घरात कोयता हाय. येऊ नको." आणि दादा, मी टाक उचलला. शाळेतलं कोरं कार्ड घेतलं आणि लिहायला लागले. घरात कोयता आहे, एवढं माझ्या हाताने लिहून झालं. चांगलं वळणदार लिहिलं. माझं अक्षर तुझ्यासारखंच आहे, लहानपणी तूच गिरवून घेतलंस.

पुढचं लिहवेना. टाक खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. चौरंग, लाल फीत, गजाचे ओठ, माझी शपथ. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, कदाचित हात उगारेल. तिने तसलं काही केलं नाही. मी अर्धं लिहिलेलं कार्ड माझ्या हातातून ओढून घेतलं आणि फाडलं. मग म्हणाली, "म्या त्याच्या तोंडावर थुकले, बाय. समद्या वाडीनं त्याचं नाव टाकलं. आन तुमी हितं पोरं शिकवीत व्हत्या." मी तिचे पाय धरायला वाकले तर ती मागे सरकली. "मला कशापायी सांगता? मी काय करू त्याचं? सायबाफुडं जाऊन सांगा." चांगोचं कार्ड तिने पुन्हा कनवटीला लावलं आणि हिरड्याची पाटी डोक्यावर घेऊन ती चढण चढायला लागली. बाजारसुद्धा केला नाही.

तू म्हणशील, उमे, तुला कायदा कळत नाही. तुझ्या बुकांची धूळ मी इतकी वर्षं झटकली आहे, थोडा कळतो. गुन्ह्याला हेतू लागतो. बरं. तुझा हेतू नव्हता. तू फक्त मिरवलंस, फक्त हसलास, फक्त विसरलास. कायद्याच्या लेखी तू फार तर निष्काळजी. आणि मी शपथ घेऊन, समजून-उमजून खोटं बोलले. माझ्या गुन्ह्याला पुरता हेतू आहे, आणि त्याला सात वर्षांपर्यंत सजा आहे. ते कलमही तूच मला ऐकवलं होतंस, मी पुढे कधी कच खाऊ नये म्हणून. म्हणजे आपल्या दोघांत गुन्हेगार ठरले तर मीच. ठरू दे. पण तुला मी सोडणार नाही. तू आता याहून मोठ्या खुर्चीवर बसायला निघाला आहेस, दिवाणगिरीपर्यंत बोलणी चालली आहेत असं ऐकते. याहून मोठे कागद तुझ्या हाती येतील, आणि तेही तू कुठल्यातरी चौरंगावर मांडशील, कोणीतरी बघावं म्हणून. मग कोणीतरी मरेल, कोणीतरी दुसराच आत जाईल, आणि तू चष्मा पुसत बसशील. मला तुझा संताप येतो, दादा. इतका येतो की तुझं नाव छापलेल्या त्या कागदावर शाळेचे खडूही मी आपटूनच ठेवते.

परवा षष्ठीला मी खालापूरला जाऊन आले. प्रांतसाहेब आता नवे आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि विचारलं, बाई, तुम्ही एकदा शपथेवर खोटं बोललात, आज तुमच्या शब्दावर विश्वास का ठेवायचा? योग्यच विचारलं. मी म्हटलं, माझ्या शब्दावर ठेवू नका, पाकीट उघडा. उत्तरपूजा झाल्यावर तो कागद कचेरीत परत न्यायच्या आधी तू ओल्या फडक्याने पुसत बसला होतास, आठवतं? सरकारी कागदावर कुंकू दिसलं तर साहेबलोक हसतील, म्हणत होतास. कुंकू गेलं, हळद मात्र पसरली. अकरा अंगठे असल्यामुळे तुला दुसरा कागद करता आला नाही. कुलूपबंद कपाटातल्या कागदाच्या कोपऱ्यावर वहिनीच्या बोटाची हळद कशी आली, ते आता साहेब तुला विचारतील. आठवत नाही म्हणून बघ.

आता हे सगळं तुला आधी का कळवते आहे, ते सांगते. मी साहेबांना आणखी एक गोष्ट सांगितली. खडू पडला त्या दिवशी मी शाळा अर्धी टाकून धावत घरी आले होते. तुला म्हटलं, गजाने वाचलं आहे, आत्ताच्या आत्ता वाडीवर निरोप धाड, सगळे इथून निघा म्हणावं. तू म्हणालास, निरोप धाडणं म्हणजे कागद फुटला हे आपणच कबूल करणं. थांब, बघू काय होतं. आणि मी थांबले. भिसेगावहून कशेळे तीन तासांची चाल आहे, माझे पाय धड होते, वाट माहीत होती. पोशाला मारायला अजून सात दिवस होते. ते सातही दिवस मी शाळेत गेले, कविता शिकवल्या, घरी येऊन तुला चहा करून दिला. हे कुठल्या कलमात बसतं ते साहेबांनाही सांगता आलं नाही. तसं पुन्हा कोणाच्या बाबतीत माझ्या हातून होऊ नये, तुझ्याही नाही, एवढ्यासाठी हे पत्र. कचेरीला दसऱ्याची सुटी आहे, पाकीट एकादशीला उघडतील. उद्या नवमीला हे तुझ्या हाती पडेल. त्याआधी खालापूरला जाऊन स्वतःच्या तोंडाने खरं सांगायचं, की परवा पुन्हा चौरंग मांडून लोकांकडून सोनं घेत बसायचं, ते तुझं तू ठरव. तुला दोन दिवस आहेत. पोशाला सात होते, पण त्याला ते कोणी सांगितलं नाही.

तुझीच,
हे काही खोडता येत नाही म्हणून,
उमा